'लेकरंच आहेत' म्हणून मिटवू नका

शाळेतल्या मारहाणीच्या चर्चेत '16 वर्षांच्या पोट्ट्याला सरळ जेलात टाका' असं कोणी लिहिलंय. कायदा एवढा सरधोपट नाही. 16 ते 18 वयाच्या मुलानं किमान 7 वर्षं शिक्षेचा गुन्हा केला, तर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलांचे गुन्हे हाताळणारं बाल न्याय मंडळ आधी तपासतं. पण आमच्या यवतमाळकडे शाळेतली मारहाण तिथवर जातेच कुठं? एसटीच्या मागच्या सीटवर सहावीतल्या पोराचा डबा रोज हिसकतात, दप्तर खिडकीबाहेर. एक दिवस डोकं फुटतं. मग पानठेल्यावर दोघांचे बाप अन् सरपंच बसून मिटवतात. मार खाल्लेल्याला विचारतो कोण! याच कायद्यात समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे आदेशही आहेत. तेवढं होईतो मारणाऱ्यानं कंडक्टरजवळ बसून यायचं, हे तरी शाळेनं ठरवावं.