गुहागरच्या वाळूत अंगठी शोधायचीय, मशीन कुठलं घेऊ?

ओहोटीवाला: मंडळी, मेव्हण्याची साखरपुड्याची अंगठी मे महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावर पडली. मित्राचं जुनं मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं मशीन), गॅरेट एस ३००, आणून दोन रविवार घालवले. मिळालं काय? बिअरची बुचं अकरा, जाळ्याचं शिसं तीन, कोयतीचा तुकडा आणि १० पैशांचं कातऱ्या कडेचं नाणं. ओल्या वाळूत तर मशीन उगाच कोकलतं. सोन्याचा आवाज नेमका कुठला? की मशीनच बदलू?

जांभा_दगड: दादा, सोन्याचा असा वेगळा आवाज नसतो. मशीनला धातू कळत नाही. त्यातून वीज किती सहज वाहते आणि वस्तू केवढी आहे, एवढंच कळतं. चांदीचं जोडवं, तांब्याचं नाणं मशीनच्या पडद्यावर वरच्या आकड्याला बोलतं. अंगठी मधल्या पट्ट्यात, आणि नेमका तिथेच कोल्ड्रिंकच्या डब्याचा टॅब, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलास तर अंगठीवरून तीनदा चालत जाशील, मशीन हूं की चूं करणार नाही. मी आधी वर्षभर हेच केलं!

लोखंडाची बुचं मात्र ओळखू येतात. कॉइल, म्हणजे मशीनची खालची तबकडी, आडवी-उभी फिरव, आकडा उड्या मारतो.

ओल्या वाळूतलं खारं पाणी स्वतःच वीज वाहतं, त्यात रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर इल्मेनाइटची (लोखंड असलेल्या खनिजाची) काळी वाळू, म्हणून मशीन कोकलतं. तुझं एस ३०० एकाच फ्रिक्वेन्सीचं, ८ किलोहर्ट्झ. सेन्सिटिव्हिटी (मशीनचा तिखटपणा) उतरवून कोरड्या वाळूत चालव. ओल्यात जायचंच तर मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं, घे. माइनलॅबचं इक्विनॉक्स ८०० चालेल, ३ मीटर पाण्यातही जातं. पल्स इंडक्शनवाली (विजेचे झटके सोडून धातू शोधणारी) मशीनं खाऱ्या वाळूत शांत असतात, पण लोखंड फारसं वेगळं काढत नाहीत. बुचं उपसत बसशील.

मालवणी_खेकडो: माका पाच वर्षांत सोन्याची एकच बाळी गावली. बाकी सगळा ॲल्युमिनियम 😀

सुपारीची_बाग: ते शिसं फेकलं नाहीस ना? शिसं जड, सोनं त्याहून जड. लाटा हलकं पुढे नेतात, जड एका पट्ट्यात साठतं. शिसं सापडलं तिथेच हातभर आणखी खण. पावसाळ्यात किनारा धुपतो आणि दिवाळीनंतर वाळू परत चढते, म्हणून आताच जा, अमावास्येच्या उधाणाची ओहोटी धरून. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी फार मागे हटत नाही.

आणि जुनं काही लागलं तर खिशात घालू नकोस. १८७८ च्या कायद्यानं जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. दिवेआगरला १९९७ साली सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला, तेही मशीनशिवाय! संरक्षित किल्ल्याच्या आवारात तर मशीन नेऊच नकोस.

ओहोटीवाला: आभार. मशीन सध्या तेच ठेवतो, शिशाच्या जागी परत जातो. मेव्हण्याला विचारलं, अंगठी कोरड्यात पडली की पाण्यात? म्हणतो, "आठवत नाही रे, क्रिकेट खेळत होतो."

जांभा_दगड: मग स्टंप कुठे रोवले होते ते विचार. बोलिंग टाकताना हात झटकला की सैल अंगठी तिथेच उडते. तिथून सुरू कर.