बेवारस मयताचा अंत्यविधी : खर्च कुणाचा, कागद कोणते, पुरायचं की जाळायचं?

गोदाकाठ_गंगाखेड

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यात गोदावरीच्या पात्रात, बसस्टँडवर, रुळाच्या कडेला अधूनमधून अशी मयतं सापडतात की त्यांच्यामागे कुणीच येत नाही. त्यांचा अंत्यविधी नीट व्हावा म्हणून आम्ही सात-आठ जणांनी काम सुरू करायचं ठरवलंय. माणसं आहेत, थोडा पैसाही उभा राहील. पण कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, ते कळत नाही. खर्च सरकारी यंत्रणेनं करायचा की आम्ही? पुरायचं की जाळायचं? सामान किती लागतं? आणि ज्याचं नावगाव माहीत आहे, घरही आहे, पण घरात तिरडीपुरतेही पैसे नाहीत, त्याच्यासाठी काय सोय? जाणकारांनी बारीकसारीक सांगावं, ही विनंती.

ठाणेअंमलदार_निवृत्त

दादा, पोलीस येईपर्यंत मयताला हात लावायचा नाही. कूस बदलायची नाही, खिसे तपासायचे नाहीत. नदीत असेल आणि वाहून जायची भीती असेल तर दोरानं काठाला अडकवून ठेवा, तेवढंच. गावच्या शिवारात असेल तर पोलीस पाटलांना सांगा, रेल्वेच्या जागेत असेल तर स्टेशन मास्तरांना. पोलिसांना कळवणारा मेमो तिथूनच निघतो.

ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि तिला नंबर पडतो. हा अ.मृ. नंबर तुमच्या वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा. १ जुलै २०२४ पासून हे काम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं, त्याआधी सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. मरणोत्तर पंचनाम्याला दोन पंच लागतात. तुमच्यातलं कुणी पंच होणार असेल तर पुढं कोर्टात साक्षीला जायची तयारी असलेलाच माणूस द्या. घातपात निघाला तर ती साक्ष लागते, आणि मग पंच सापडत नाहीत.

पंचनाम्यानंतर शवविच्छेदन, मग नातेवाइकांचा शोध. साधारण ७२ तास वाट बघायचा प्रघात आहे. शीतपेटी नसलेल्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये एवढं थांबणं शक्य नसतं, तेव्हा तपासी अंमलदार लवकर परवानगी देतात. मात्र परवानगी लेखी हवी. ठाण्याचं पत्र हातात आल्याशिवाय मयत ताब्यात घेऊ नका, मग कुणी कितीही घाई करो. पत्रात अ.मृ. नंबर, शवविच्छेदनाचा नंबर, अंदाजे वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि पुरायचं की जाळायचं हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ताबा पावतीच्या दोन प्रती करा, एक तुमच्याकडे ठेवा.

वाहनाबद्दल एक सांगून ठेवतो. १०८ ही रुग्णांसाठी आहे, ती मयत नेत नाही. शववाहिका नगरपरिषदेची किंवा रुग्णालयाची असते. तिच्या चालकाचा नंबर आधीच घेऊन ठेवा. नाहीतर ऐनवेळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून न्यायची पाळी येते आणि ते बघवत नाही.

दप्तर_धाराशिव

खर्चाचं सांगतो. महानगरपालिकेच्या हद्दीत बेवारस मयताची विल्हेवाट हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे पालिकेचं बंधनकारक काम आहे. मेहेरबानी म्हणून मागायचं काही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आश्रय अधिकार अभियानच्या प्रकरणात बेघर माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानानं अंत्यसंस्कार मिळाले पाहिजेत, असं म्हटलं आहे. कुणी टोलवाटोलवी केली तर अर्जात हे दोन्ही लिहा. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आणि गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) नावे अर्ज द्या, सोबत ठाण्याच्या पत्राची प्रत जोडा.

बिलं अडकतात ती एकाच कारणानं. लाकडाच्या वखारीची पावती संस्थेच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावानं फाडलेली असते. ती नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावानं घ्या आणि पावतीवरच अ.मृ. नंबर टाकून घ्या. शववाहिका, लाकूड आणि खड्डा खोदाई यांच्या पावत्या वेगवेगळ्या हव्यात. मोघम ‘अंत्यविधी खर्च’ लिहिलं की लेखापरीक्षणात शेरा येतो, आणि एकदा शेरा आला की पुढच्या मयताच्या वेळी सगळे हात आखडतात.

आता घर आहे पण पैसा नाही, त्यांचं. हा माणूस बेवारस नाही, त्याला तसा दाखवूच नका. काही पालिका सगळ्यांनाच मोफत लाकूड किंवा दहन देतात, तुमच्या नगरपरिषदेत तसा ठराव आहे का बघा. नसेल तर सर्वसाधारण सभेपुढे तो मांडायला लावणं हे तुमच्या गटाचं पहिलं काम समजा. मयत नोंदीत बांधकाम कामगार असेल तर कल्याणकारी मंडळाकडून अंत्यविधीसाठी १०,००० रुपये मिळतात. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा विमाधारक असेल तर १५,००० रुपयांपर्यंत, आणि ज्यानं प्रत्यक्ष खर्च केला त्यालाही ते मागता येतात. फक्त अर्ज तीन महिन्यांच्या आत हवा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा पैसा उशिरा येतो, चितेच्या दिवशी हातात नसतो. म्हणून गटानं आधी खर्च करायचा आणि घरच्यांना अर्ज भरून द्यायचा, हाच सरळ मार्ग.

शवागार_सहायक

ओळखीचं थोडं सविस्तर लिहिते, कारण घाईत सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

अनोळखी मयत जमिनीत गेलं की पुढं उपयोगी पडतं ते आधी घेतलेलं. चेहरा धुऊन, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो. शेजारी मोजपट्टी आणि नंबर. कपड्यांवर शिंप्याची चिठ्ठी असते, तिचा वेगळा फोटो. आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या हातावर गोंदण असतं, पुरुषांच्या हातावर नाव असतं. मयत कुजायला लागलं असलं तरी वरची सुटलेली कातडी ओल्या कापडानं हलकेच पुसली की गोंदण खाली स्पष्ट दिसतं, कारण शाई कातडीच्या खालच्या थरात असते. पाण्यातल्या मयताच्या हाताची कातडी मोज्यासारखी निघते. ती फेकू नका, तिच्यावरूनही ठसे घेता येतात. डॉक्टरांना आणि ठशांच्या तज्ज्ञांना आठवण करून द्या.

‘आधारवर ठसा टाका, नाव निघेल’ असं लोक हमखास म्हणतात. तसं होत नाही. तिथं आधी नंबर द्यावा लागतो, मग त्या नंबराशी ठसा पडताळतात. नुसत्या ठशावरून नाव शोधून देत नाहीत. पोलिसांकडं जुळणी होते ती त्यांच्या स्वतःच्या नोंदीतल्या ठशांशी.

डीएनएसाठी दाढ किंवा मांडीच्या हाडाचा तुकडा ठेवायला सांगा. तो फॉर्मालिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात टाकला की डीएनए खराब होतो. दात कोरडा करून कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, तो वेगळा; तो मिठाच्या संपृक्त पाण्यात जातो. दोन्ही बरण्या-पाकिटं एकाच टेबलावर भरली जातात, आणि अदलाबदल होते ती तिथंच. न्यायसहायक प्रयोगशाळा आपल्या भागात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९४९ च्या शरीरशास्त्र अधिनियमाखाली बेवारस मयत अभ्यासासाठी तिथं देता येतं, पण शवविच्छेदन झालेलं मयत शरीरशास्त्र विभाग सहसा घेत नाही. त्यामुळे तुमच्याकडं येणारी बहुतेक मयतं ही शवविच्छेदन झालेलीच असतील, तशीच तयारी ठेवा.

आणि कळकळीची विनंती. चेहऱ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कपडे, चप्पल, गोंदण, गळ्यातला दोरा एवढंच पोलिसांना विचारून टाका. कुणाच्या तरी लेकराला बापाचा तसला चेहरा मोबाईलवर दिसायला नको.

मांजरापट्टा

पुरायचं की जाळायचं याचं उत्तर : ओळख पटली नसेल तर पुरा. जाळल्यावर मागं काही उरत नाही. ओळख पटलेली असेल पण कुणी आलं नसेल, तर त्याच्या रीतीप्रमाणे.

खड्डा सात फूट लांब, तीन फूट रुंद, सहा फूट खोल. सांगायला सोपं आहे, पण आपल्या मराठवाड्यात दोन अडचणी येतात. माळावर दोन-तीन फुटांवर मुरूम आणि मग कातळ लागतो, टिकाव चालत नाही, जेसीबीच लागतो. खाली काळी माती असेल तर पावसाळ्यात चाक रुततं आणि खड्ड्याच्या भिंती ढासळतात. उन्हाळ्यात तीच माती हात-हात फाकते, भेगांतून वास वर येतो आणि कुत्री उकरतात. म्हणून खड्डा भरताना एक-एक फुटाला माती पायानं दाबून घ्या, वर दोन फूट उंच ढीग ठेवा, त्यावर दगड आणि बाभळीच्या काट्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर ढीग बसतो, तेव्हा पुन्हा जाऊन माती टाका. हा दुसरा फेरा बहुतेक जण विसरतात. विहीर-बोअरपासून लांबची जागा निवडा.

नंबराची पट्टी. मार्करनं लिहिलेला नंबर एका पावसाळ्यात उडतो, चिठ्ठी तर आठ दिवसांत कुजते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे बोटभर रुंद, वीतभर लांब दोन तुकडे घ्या. खिळा आणि हातोडीनं ठिपके ठोकून त्यावर ठाणं, अ.मृ. नंबर आणि साल उमटवा. बोट फिरवून अंधारातही वाचता आलं पाहिजे. एक पट्टी जस्ताच्या तारेनं घोट्याला बांधा, दुसरी डोक्याच्या बाजूला दगडावर. दगड हलतात म्हणून वहीत जागाही लिहा : फाटकापासून किती पावलं, कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला. मोबाईलवरचं ठिकाणही नोंदवा. पंचनाम्यावर, मयताच्या पायात, दगडावर आणि मृत्यूच्या नोंदवहीत एकच नंबर असला पाहिजे. एका ठिकाणी शवविच्छेदनाचा आणि दुसऱ्या ठिकाणी अ.मृ.चा नंबर टाकला की गोंधळ झालाच.

दहन असेल तर मोठ्या माणसाला साडेतीन क्विंटल वाळलेलं लाकूड धरा, पावसाळ्यात वर पन्नास ते शंभर किलो. बाभूळ आणि लिंब चांगला, पण ओली बाभूळ नुसती धुमसते. वखारीत ओंडक्याचं टोक बघा. भेगा पडलेल्या असतील तर लाकूड वाळलेलं आहे. शंभर-सव्वाशे गवऱ्या घ्या. पेटवायला तुराट्या आणि पऱ्हाट्यांच्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) चार-पाच पेंढ्या पुरतात, त्या गावात कुणीही देतं. जाड ओंडके तळाला, मध्ये हवेला मोकळीक. छाती आणि कंबर सगळ्यात शेवटी जळतात, म्हणून वरची जाड लाकडं तिथं ठेवा, पायाकडं नाही. मयत गुंडाळायला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, पाच-सहा मीटर.

रुग्णालयातून मयत प्लास्टिकच्या पिशवीत येतं. ती पिशवी तशीच चितेवर ठेवू नका. ती वितळून अंगाला चिकटते, हवा कोंडते आणि दहन अर्धवट राहतं. हातमोजे घालून पिशवी खालून कापा, मयत कापडावर घ्या. पिशवी आणि हातमोजे शववाहिकेतून रुग्णालयाच्या कचऱ्यात परत पाठवा. मसणवाट्यात ती पडून राहिली तर दुसऱ्या दिवशी गाव विरोधात जातं, आणि पुढच्या वेळी जागा मिळत नाही.

गोदाकाठ_गंगाखेड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनच शंका राहिल्या. नाव माहीत नसताना धर्म कसा धरायचा? आणि आठ-दहा महिन्यांनी घरचे आले तर?

ठाणेअंमलदार_निवृत्त

धर्म आपण ठरवायचा नाही. पंचनाम्यात खुणा लिहिलेल्या असतात आणि पत्रात पोलीस लिहितात. तरी ध्यानात ठेवा : लातूर, नांदेड, धाराशिवकडं गळ्यात इष्टलिंगाची पेटी सापडली तर ते लिंगायत असणार. त्यांच्यात पुरतात, तेही बसवून, म्हणजे खड्डा वेगळा लागतो. गावातल्या जंगमांना, म्हणजे त्यांच्या पुरोहितांना बोलवा. मुस्लिम असेल तर कब्रस्तान कमिटीला कळवा. कबर दक्षिणोत्तर आणि तोंड पश्चिमेला, पुरुषाला कफनाची तीन कापडं, बाईला पाच. मयत कोणत्या अवस्थेत आहे ते त्यांना आधीच खरं सांगा, म्हणजे गुसल (मयताची आंघोळ) कसं द्यायचं ते ठरवून येतात. बौद्ध असेल तर त्रिशरण-पंचशील म्हणणारं माणूस सोबत घ्या. काहीच कळलं नाही तर दोन मिनिटं उभं राहा, फुलं वाहा, मूठमाती द्या.

दप्तर_धाराशिव

दुसऱ्या शंकेचं सांगतो. सार्वजनिक जागी सापडलेल्या मयताची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम ८ प्रमाणे गावात गावप्रमुखानं आणि इतरत्र ठाण्याच्या प्रभारीनं द्यायची असते, २१ दिवसांच्या आत. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५५’ अशी का होईना, ती करून घ्याच. नाव नाही म्हणून नोंद टाळली जाते, आणि मग घरच्यांच्या हालाला पार राहत नाही. दाखला नसला की सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार होत नाही, विधवेचा निराधार योजनेचा अर्ज अडतो. सात वर्षं बेपत्ता राहिल्यावरच कोर्टात मृत्यू गृहीत धरून घेता येतो.

घरचे आले की त्यांना आधी ठाण्यात न्या. आई-वडील किंवा पोटच्या मुलांचं रक्त पोलिसांमार्फत प्रयोगशाळेत जातं आणि ठेवलेल्या दाढेशी जुळवतात. जुळलं की ठाण्याचं पत्र घेऊन निबंधकाकडं जायचं. कलम १५ प्रमाणे जुन्याच नोंदीत नाव भरलं जातं. नवी नोंद करू नका, एकाच माणसाचे दोन मृत्यू होऊन बसतात.

मांजरापट्टा

आणि घरच्यांनी अवशेष मागितले तर आपण उकरायचं नाही. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे बहुधा तहसीलदारांचा, लेखी आदेश लागतो, आणि ते काम त्यांच्या समोरच होतं. त्या दिवशी जेसीबीनं वरची तीन फूट माती काढा, त्याखाली हातानं खुरप्यानं. आधी घोट्याजवळची पट्टी शोधा, नंबर मोठ्यानं वाचून पंचांना दाखवा, मगच पुढं. धान्य चाळायची मोठी चाळण सोबत न्या. बोटांची आणि मनगटाची हाडं खड्याएवढी असतात, ती काळ्या मातीच्या ढेकळात राहून जातात. ढेकळं पाण्यात भिजवून चाळा, आणि नव्या मांजरपाटात बांधून गाठोडं घरच्यांच्या हातात द्या.