वॉक्ड की वॉक्ट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंग्रजी भूतकाळाच्या शेवटच्या ‘ईडी’ने डोकं खाल्लंय. (हसू नका, ती ईडी नव्हे!)

आयुष्यभर मी वॉक्ड, कुक्ड म्हणत आलो. परवा सहावीतल्या लेकीने टोकलं, “बाबा, वॉक्ट!” शोधलं तर पोरगी बरोबर निघाली. क्रियापद कठोर ध्वनीवर संपलं की ट: कुक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ड: कॉल्ड, प्लेड. आणि शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर वेगळं अक्षर वाढतं: वाँटिड, नीडिड. शाळेत घोकलेले कठोर-मृदू वर्ण या वयात असे कामी येतील असं वाटलं नव्हतं. वाक् + देवी = वाग्देवी, त्यातलाच प्रकार; फक्त इथे मागचा ध्वनी पुढच्याला बदलतो.

स्पेलिंगवर मात्र विसंबता येत नाही. लाफच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-एच, पण कानाला फ, म्हणून लाफ्ट.

आता खरी अडचण. ‘आस्क्ट’ माझ्या तोंडातून निघतच नाही. स, क, ट एका दमात कसे म्हणायचे? इंग्रज लोक भरभर बोलताना मधला क गाळून ‘आस्ट’ म्हणतात, ते मुलाखतीत चालेल का? दुसरं, विद्वान या अर्थी ‘लर्निड’ म्हणतात, तिथे हा नियम का मोडतो? असे आणखी शब्द कुणी सांगेल का?

आणि सरावाची एखादी युक्ती असेल तर तीही सांगा. लेक रोज परीक्षा घेतेय.