जुन्या आयरिशमधली 'बेन' आणि तिचं 'म्ना': याला अनियमित का म्हणायचं?

रानजाई
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितेय. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे साधारण आठव्या-नवव्या शतकातल्या, बाईला शब्द आहे बेन. एक बाई बेन, बाईचा म्हणायचं तर म्ना, बाईला म्नाइ, अनेक बायका परत म्ना, बायकांचा म्हणायचं तर बन, आणि दोनच बायका असतील तर द्विवचन, दी म्नाइ. शिकवताना याच्यापुढे 'अनियमित' असं लिहून मोकळे होतात आणि मला ते अजिबात पटत नाही. आयरिश आणि संस्कृत ज्या एकाच जुन्या भाषेतून आल्या, तिच्यातल्या मूळ शब्दाच्या सुरुवातीला ग आणि व एका दमात म्हटल्यासारखा एक ध्वनी होता, केल्टिक भाषांत, म्हणजे आयरिश ज्या कुळातली आहे त्या भाषांत, त्याचा ब झाला. पुढचा स्वर टिकला तिथे बेन राहिलं, स्वर गळला तिथे ब्ना झालं, आणि शब्दाच्या सुरुवातीच्या ब्नचं आयरिशमध्ये म्न होतं. झालं. ऋग्वेदात याच शब्दाची दोन्ही रूपं सापडतात, स्वरवालं जनि आणि स्वर गळलेलं ग्ना. आपण मूल-मुलाला, ऊस-उसाला म्हणतो तेव्हा ऊ आखूड होतो, त्याला कोणी अनियमित म्हणतं का?

पडघम
ताई, असहमत. मूल-मुलाला, ऊस-उसाला, सून-सुनेला, फूल-फुलाला, असे ढीगभर शब्द तसेच चालतात म्हणून तो नियम आहे. बेनसारखं चालणारं दुसरं नाम आयरिशमध्ये दाखवा ना! एकटाच शब्द असेल तर त्याला नियम कसला? मी डब्लिनला चार वर्षं आहे, संध्याकाळच्या क्लासला आयरिश शिकतोय. पहिल्याच आठवड्यात एका हॉटेलात टॉयलेटच्या दोन दारांवर फिर आणि म्ना लिहिलेलं, म्नामध्ये म दिसला म्हणून मी मॅन समजून सरळ तिकडे निघालो, वेटरने हाताला धरून थांबवलं. आजच्या भाषेतसुद्धा अशीच रूपं आहेत आणि शिकणाऱ्याला ती पाठच करावी लागतात. चार हजार वर्षांपूर्वी काय होतं त्याने मला आज दार सापडत नाही. शिवाय तुमचं ते मूळ रूप लिहिताना पुस्तकात डोक्यावर तारा काढलेला असतो, म्हणजे कुणी ते पाहिलेलंच नाही.

तुळशीवृंदावन
मला तर यात सरळ संस्कृत दिसतंय. जन् म्हणजे जन्म देणे, जन्म देते ती जनी, त्याचंच पुढे बेन. आणि आपल्या शेजारी गुजरातीत आजही बाईमाणसाला बेनच म्हणतात की! एवढा सरळ पुरावा असताना ग-व वगैरे कशाला?

रानजाई
तुळशीवृंदावन, गुजराती बेन म्हणजे आपली बहीण, दोन्ही भगिनीवरून आले. त्यातला ब भ पासून आलाय, आयरिश ब त्या ग-व वाल्या ध्वनीपासून. आज दोन्ही कानाला सारखे लागतात हा निव्वळ योगायोग.

जन् चं मात्र नीट बघा, कारण मला या सगळ्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. संस्कृतात दोन वेगवेगळे ध्वनी ज मध्ये येऊन मिसळले, त्यामुळे जनि (बाई) आणि जन् (जन्मणे) एकाच धातूतले वाटतात. आयरिशने ते मिसळले नाहीत. तिथे जन्म म्हणजे गेन, ग ने, आणि बाई म्हणजे बेन, ब ने. आपली गो तिकडे बो, आपला जीव, म्हणजे जिवंत, तिकडे बेओ, हे सगळे ब वाले. इंग्रजीतही बघा, बाईवाल्या शब्दाचं क्वीन झालं आणि जन्मवाल्याचं किन. म्हणजे संस्कृतात पुसला गेलेला फरक आयरिशमध्ये शाबूत आहे, मग आयरिश शब्द संस्कृतातून निघाला असं कसं म्हणणार? दोघी बहिणी आहेत, मायलेकी नाहीत.

पडघम, ताऱ्याबद्दल. 1983 साली दक्षिण फ्रान्समध्ये लार्झाकला एका थडग्यात शिशाचा पत्रा सापडला, इ.स. 100 च्या आसपासचा, गॉलिश, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक भाषेत कोरलेला. त्यात ब्नानोम ब्रिक्तोम असे शब्द आहेत, बायकांचे मंत्रतंत्र. ब्न! आयरिशमध्ये म्न होण्याआधीची पायरी, कुणीतरी हाताने कोरलेली, तारा नसलेली. आणि संत पॅट्रिकच्या नावाने चालणाऱ्या जुन्या आयरिश रक्षास्तोत्रात बायका, लोहार आणि द्रुइद, म्हणजे जुने केल्टिक पुरोहित, यांच्या मंत्रांपासून रक्षण मागितलंय, तिथे शब्द आहेत ब्रिख्ता बन. जोडी तीच, बन चा प्रत्यय तेवढा वेगळा.

पडघम
पत्र्याचं माहीत नव्हतं, तो मुद्दा मान्य, तारा मागे घेतो. पण माझा मुख्य मुद्दा तसाच आहे. कारण सापडलं म्हणून शब्द नियमित होत नाही. जा चं भूतकाळी गेला का होतं ते तुम्ही मला सांगू शकाल, तरी मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसासाठी ते अनियमितच ना?

रानजाई
गेला वेगळ्याच धातूचा आहे, गम् चा, तिथे दोन शब्द एकत्र शिवलेत. बेन आणि म्ना एकच शब्द आहे, माझा सगळा आग्रह तेवढ्यावरच आहे. आणि पाठ करतानाही उपयोग होतोच. कुमन ना म्बन ही 1914 ची बायकांची संघटना तुम्ही डब्लिनला ऐकली असेलच, त्यात बन च्या आधी तो छोटा म का लिहितात? षष्ठी बहुवचनाच्या जुन्या प्रत्ययाच्या शेवटी अनुनासिक होतं, आपल्या स्त्रीणाम् मधल्यासारखं. उपपदाचा, म्हणजे नामाआधी येणाऱ्या त्या ना चा, शेवट झिजला आणि ते अनुनासिक पुढच्या शब्दाला जाऊन चिकटलं. हे एकदा कळलं की 'बायकांचा' म्हणताना म विसरायला होत नाही.

पडघम
हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं 'इथे म लावा' एवढंच.

ओसरी
एक भर घालते. बेन स्त्रीलिंगी, पण जुन्या आयरिशमध्ये बाईला बे असाही शब्द आहे, जास्त करून काव्यात येणारा, आणि तो चक्क नपुंसकलिंगी! मला आधी विचित्र वाटलं, मग आठवलं की माझी आजी सुनेबद्दल सरळ 'ते बाईमाणूस दिवसभर राबतं' असं म्हणायची आणि घरात कुणाला त्यात काही खटकायचं नाही.