मदत हवी आहे: घरफाळ्याची विशेष नोटीस आणि मैदानाचं आरक्षण (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

महापालिकेचं कामकाज जवळून माहीत असलेल्यांकडून मार्गदर्शन हवंय. प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींत अडचण एकच आहे. महापालिकेच्या निर्णयावर आपलं म्हणणं साध्या माणसानं नेमकं कुठं, कधी आणि कसं मांडायचं?

पहिला प्रश्न घरचा. गंगावेशीच्या बाजूला आमचं जुनं एकमजली घर आहे. रस्त्याकडच्या खोलीत मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. शटर नाही, बोर्ड नाही. दिवसा मशीन आणि कटिंगचं टेबल असतं, रात्री टेबल उभं करून भिंतीला लावलं की त्याच जागी सासूबाईंची कॉट पडते. आता घरफाळ्याची विशेष नोटीस आली आहे. त्यात वापराच्या रकान्यात तळमजल्यापुढं ‘बिगरनिवासी’ लिहिलंय आणि भांडवली मूल्य वाढलंय. नोंद करणाऱ्याला मशीन दिसलं, त्यानं तसं लिहिलं असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात आम्ही राहतो. हे कसं मांडायचं? भाड्यानं दिलेला गाळा आणि घरच्या माणसानं स्वतः केलेलं काम यांत फरक धरतात का?

दुसरा प्रश्न गल्लीचा. आमच्या टोकाला एक मोकळी जागा आहे, खाजगी मालकीची, पण विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षित. २०१९ च्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं, तिथं मात्र चढलं नाही. नदीकडच्या लोकांच्या म्हशी तेव्हा तिथंच बांधल्या होत्या, २०२१ लाही तेच. एरवी पोरं तिथं खेळतात. ‘आरक्षण उठणार’ असं आता कानावर येतंय. आरक्षण असं आपोआप उठतं का? आम्हाला कुणी विचारणार की नाही?

टोलच्या वेळी सगळं शहर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ अखेर टोल गेला, त्या मोर्चात मीही होते. पण नोटिशीला मोर्चानं उत्तर देता येत नाही. मोर्चाला अख्खी गल्ली येते, हरकत लिहायला माणूस मिळत नाही, म्हणून इथं विचारतेय. कलम माहीत असेल तर आकड्यासकट सांगा, तालमीत बसून सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद: निवृत्त कर लेखनिक

ताई, आधी नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हातात पडली ती तारीख, दोन्ही लिहून ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या अनुसूची ‘ड’ मध्ये कर आकारणीचे नियम आहेत. मिळकतीची पहिल्यांदा नोंद झाली किंवा मूल्य वाढलं, तर नियम १५ प्रमाणे मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकतीला २१ दिवस मिळतात. ही मुदत चुकली की पुढचं सगळं अवघड होतं. हरकत लेखीच द्यायची. मग सुनावणीची तारीख कळवतात, तिथं तुम्ही स्वतः जाऊन बोलू शकता, वकील लागतोच असं नाही.

आता मुख्य मुद्दा, यात बहुतेकांची गल्लत होते. ‘दर’ आणि ‘मूल्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कराचा दर पुढच्या आर्थिक वर्षासाठी महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा) ठरवते, कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीपर्यंत. तो अख्ख्या शहराला लागू असतो, तुमच्या सुनावणीत त्यावर एक शब्द ऐकून घेतला जाणार नाही. सुनावणीत बोलायचं ते आपल्या मिळकतीबद्दल: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वय, वापर, आणि स्वतःचा की भाड्याचा. आपल्याकडं घरफाळा भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे रेडीरेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या जागेच्या किमतीच्या) दराला या गोष्टी लावून हिशेब होतो. यातला एक रकाना चुकीचा पडला तरी आकडा फिरतो. भाड्यानं दिलेल्या बिगरनिवासी जागेचा भार वेगळाच असतो, तेव्हा ‘स्वतःचा वापर, भाडेकरू नाही’ हे वाक्य हरकतीत ठळक असू दे.

तुमच्या बाबतीत मागणी अशी ठेवा की शिलाईची खोली तेवढी वेगळी मोजावी आणि उरलेला तळमजला निवासी धरावा. खोलीचं माप फुटात नको, चौरस मीटरमध्ये द्या.

बिलात आणखी एक बघा. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे, १९६२ च्या वेगळ्या कायद्याखालचे. महापालिका फक्त गोळा करून पुढं पाठवते. रोजगार हमी कर निवासी जागेला लागतच नाही. म्हणजे ‘बिगरनिवासी’ हा एक शब्द पडला की सर्वसाधारण कर वाढतोच, वर हाही येऊन बसतो. वापराच्या रकान्यासाठी भांडायचं ते यासाठी.

प्रतिसाद: धागाकर्ती

काका, खूप आभार. इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. हरकतीचा निकाल लागेपर्यंत बिल भरायचं की थांबायचं? शेजारचे म्हणतात, एकदा भरलं की मान्य केल्यासारखं होतं.

प्रतिसाद: निवृत्त कर लेखनिक

थांबू नका. घरफाळा सहामाही असतो, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो. बिलाची मुदत टळली की दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ‘हरकत राखून भरणा करीत आहे’ असं पत्र द्या, पोच घ्या आणि भरा. भरल्यानं हरकतीचा हक्क जात नाही. शिवाय सुनावणीचा निकाल विरुद्ध गेला तर कलम ४०६ खाली दिवाणी न्यायालयात, वरिष्ठ स्तरावर, अपील करता येतं, पण १५ दिवसांच्या आत आणि मागणीची रक्कम आधी जमा करून. न भरता बसलेल्याला तोही रस्ता बंद होतो.

प्रतिसाद: कळंबा रोड

ताई, सर्वेचा अर्ज, मोजमाप, काय नोंद केलीय ते माहिती अधिकारात काढा की. दहा रुपयांचं काम. कागद हातात आला की मग हरकत द्या.

प्रतिसाद: निवृत्त कर लेखनिक

भावा, सल्ला चांगला आहे, पण क्रम उलटा आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि हरकतीची मुदत २१ दिवसांची. उत्तराची वाट बघत किती जणांची मुदत गेली ते मी खिडकीमागं बसून पाहिलंय. आधी हरकत दाखल करा आणि त्यातच ‘आकारणीच्या नोंदीची प्रत मिळावी’ अशी मागणी घाला. अर्ज त्याच दिवशी वेगळा टाका. शिवाय २०१८ च्या शासन आदेशाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख बघायला मागता येतात. जाताना कागदांचे फोटो काढायला मोबाईल चार्ज करून न्या.

प्रतिसाद: आराखडा

मैदानाच्या प्रश्नावर मी लिहितो, माझं रोजचं काम नगररचनेच्या नकाशांतलं आहे.

आरक्षण आपोआप उठत नाही, पण महापालिका स्वस्थ बसली तर उठू शकतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १२७ बघा. (महापालिका अधिनियमातही कलम १२७ आहे, ते करांबद्दल आहे. तालमीत वाचताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.) अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत महापालिकेनं जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. मग शेजारच्या जागेला जो वापर चालतो तो तिथंही चालतो. नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, संपादनाच्या दिशेनं ठोस कारवाई लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगितलंय.

यात मालकाला खलनायक ठरवू नका. स्वतःची जागा वर्षानुवर्षं अडकून पडते, ना विकता येत ना बांधता येत, त्याला हा हक्क हवाच. प्रश्न महापालिका त्याला मोबदला वेळेत देते का, एवढाच आहे. मोबदल्याचे रस्ते कलम १२६ मध्ये आहेत: वाटाघाटीनं खरेदी, रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जादा बांधकामाची मुभा), नाहीतर २०१३ च्या कायद्याखाली भूसंपादन. रोखीचा रस्ता धरायचा तर अंदाजपत्रकात तरतूद लागते. तुमचे दोन्ही प्रश्न इथं एकत्र येतात. घरफाळ्यातून जमा होतो त्याच पैशातून मैदानं वाचवायची आहेत.

लगेच करायची कामं सांगतो. सिटी सर्वे नंबर घेऊन नगररचना विभागातून झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा काढा, आरक्षणाचा क्रमांक त्यावर मिळेल. मग लेखी विचारा: या जागेवर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असेल तर कोणत्या तारखेला, त्यावर काय कारवाई झाली? त्या तारखेवरून तुमच्या हातात किती महिने आहेत ते कळेल. नकाशावर पूररेषाही बघून घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर आरक्षण गेलं तरी तिथं मोठं बांधकाम सहजासहजी होणार नाही. पण तुम्ही म्हणता तिथं पाणी चढलं नव्हतं, म्हणजे ती बाहेर असण्याची शक्यता जास्त आणि धोकाही जास्त.

महापालिका स्वतःहून आरक्षण बदलणार असेल तर रस्ता वेगळा. त्याला कलम ३७ खालचा फेरबदल म्हणतात. त्याची जाहीर सूचना निघते आणि हरकतीला एक महिना असतो. सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, ती वाचायचं काम गल्लीतल्या एकाकडं कायमचं द्या. सुधारित आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा कलम २६ खाली पुन्हा संधी मिळेल.

प्रतिसाद: हद्दवाढ झालीच पाहिजे

मुळात १९७२ ला महापालिका झाली तेव्हाची हद्द आजही तीच आहे, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०१७ ला शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण केलं, पण शहराची हद्द इंचभर सरकली नाही. आत माणसं वाढत चाललीत, मोकळी जागा कुठून येणार? म्हणून आहे ती प्रत्येक जागा धरून ठेवली पाहिजे.

प्रतिसाद: धागाकर्ती

हद्दवाढीचं पटतं, पण त्यावर वेगळा धागा काढूया, नाहीतर इथं मैदान बाजूला राहील.

आराखडा दादा, अंदाजपत्रकात तरतूद आहे की नाही ते कुठल्या पानावर बघायचं? आणि नगरसेवकांकडं जायचं ते केव्हा? नोव्हेंबर २०२० पासून प्रशासक होते, तेच आयुक्त, तेच स्थायी समिती, तेच महासभा. कुणाला भेटायचं हा प्रश्नच नव्हता. आता जानेवारी २०२६ ची निवडणूक होऊन ८१ जण निवडून आलेत, आमच्या प्रभागातही चौघे आहेत.

प्रतिसाद: आराखडा

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, स्थायी त्यात दुरुस्त्या करून महासभेपुढं आणते. खरं काम स्थायीच्या टप्प्यात होतं, महासभेत भाषणं जास्त होतात. त्यामुळं चौघांनाही डिसेंबर-जानेवारीतच लेखी निवेदन द्या. यंदाचं हुकलं तर पुरवणी तरतूद किंवा पुनर्विनियोजनाची (दुसऱ्या कामाचा पैसा इकडं वळवण्याची) मागणी करता येते.

पुस्तकात खर्चाच्या बाजूला भांडवली खर्चात ‘भूसंपादन’ किंवा ‘आरक्षित जागा संपादन’ अशा नावाचं लेखाशीर्ष शोधा. त्यापुढचे तीन रकाने एकत्र वाचा: गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. अंदाज मोठा आणि प्रत्यक्ष शून्य असं दरवर्षी दिसलं तर तेच तुमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य करा.

आणि नवीन कर लागणार अशी चर्चा कानावर आली तर घाबरू नका. महापालिकेला मनाला येईल तो कर लावता येत नाही. कायद्यातल्या यादीत तो असावा लागतो, त्यावर महासभेचा ठराव, नियम आणि शासनाची मंजुरी लागते. जकात गेली, १ ऑगस्ट २०१५ पासून एलबीटीतून (जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था करातून) बहुतेक व्यापारी सुटले, २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेच्या स्वतःच्या हातात घरफाळा, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांचं शुल्क एवढंच मोठं उत्पन्न उरलंय, बाकी सरकारी अनुदान. म्हणून आकारणी नीट तपासणं महापालिकेलाही गरजेचं आहे, हे सुनावणीत ध्यानात ठेवून बोला.

प्रतिसाद: धागाकर्ती

झोन दाखल्याचा अर्ज उद्या देतेय. तालमीतल्या दोघांनी नकाशाचं काम अंगावर घेतलंय. घरफाळ्याच्या हरकतीचा मसुदा असा केलाय, कृपया तपासून द्या:

‘विषय: विशेष नोटिशीवर हरकत. आमच्या मिळकतीचा संपूर्ण तळमजला बिगरनिवासी धरून केलेली आकारणी अन्यायकारक आहे. रस्त्याकडील एका खोलीत घरमालकीण स्वतः शिलाईकाम करते. भाडेकरू नाही. उर्वरित तळमजला राहण्यासाठी वापरात आहे. तरी सदर खोलीचेच क्षेत्रफळ वेगळे धरून फेरआकारणी करावी, जागेवर येऊन मोजमाप करावे व आकारणीच्या नोंदीची प्रत मिळावी, ही विनंती.’

प्रतिसाद: निवृत्त कर लेखनिक

चांगलं झालंय. ‘अन्यायकारक’ काढा, त्या जागी ‘प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही’ घाला. वर नोटीस क्रमांक, मिळकत क्रमांक आणि नोटीस मिळाल्याची तारीख लिहा. खोलीचं आणि पूर्ण तळमजल्याचं, दोन्ही क्षेत्रफळं चौरस मीटरमध्ये द्या. सोबत हातानं काढलेला नकाशा, वीजबिल आणि खोलीचे दोन फोटो जोडा, एक दिवसाचा मशीनसह आणि एक रात्रीचा कॉट टाकलेला. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.