अनुभव धागा: नेटफ्लोसाठी (कुणाचा ट्रॅफिक किती, याच्या राउटरने पाठवलेल्या नोंदी) राउटरवर सॅम्पलिंग रेट, म्हणजे किती पॅकेटांमागे एक मोजायचं ते, किती ठेवता?

डोंबिवलीकर: नवीन लिंक चढली आणि जुना प्रश्न परत वर आला. माझं गणित असं: १० गिगची लिंक पूर्ण भरलेली, सरासरी पॅकेट ८०० बाइट, म्हणजे सेकंदाला साडेपंधरा लाख पॅकेट. हजारात एक धरलं की सेकंदाला दीड हजार सॅम्पल. राउटर आणि कलेक्टर (नोंदी गोळा करणारा सर्व्हर) दोघांना झेपतं. १०० गिगला दहा हजारात एक.

रात्रपाळी: रेटपेक्षा हातात सॅम्पल किती आले ते बघा. एखाद्या ग्राहकाचे १०० सॅम्पल असतील तर आकडा २० टक्के इकडेतिकडे. १००० ला सहा टक्के, १०,००० ला दोन. त्यामुळे पाच मिनिटांच्या ग्राफवरून छोट्या ग्राहकाचं बिल काढू नका, बिलाला इंटरफेस काउंटरच (पोर्टवरचे सगळे बाइट मोजणारा).

वसई फास्ट: रँडम की ठरावीक, ते कुणी लिहिलंच नाही! बारा डब्यांच्या लोकलचा दर बारावा डबा मोजलात तर प्रत्येक गाडीचा तोच डबा हाती येणार. ट्रॅफिकलाही अशी लय असते. सिस्कोच्या एक्सआर राउटरवर सॅम्पलर-मॅपमध्ये (सॅम्पलिंगची सेटिंग) 'रँडम १ आउट-ऑफ १०००' द्या, मग इंटरफेसवर फ्लो मॉनिटरसोबत (फ्लो म्हणजे एकाच संवादाची पॅकेटं, त्यांच्या नोंदी ठेवणारा) तो सॅम्पलर जोडा. नुसता मॅप बनवून काही होत नाही.

डोंबिवलीकर: आणि सगळीकडे इनग्रेसच, म्हणजे पोर्टमधून आत येणारा ट्रॅफिकच मोजा. इग्रेसही (बाहेर जाणारा) लावलं की तेच बाइट दोनदा मोजले जातात.

माटुंग्याची ताई: कलेक्टर रीस्टार्ट झाल्यावर ट्रॅफिक हजारपट खाली दिसला तर घाबरू नका. नेटफ्लो ९ मध्ये रेट ऑप्शन टेम्प्लेटमधून, म्हणजे राउटर अधूनमधून वेगळी पाठवतो त्या माहितीतून येतो, तोवर रेटने गुणाकार होत नाही. ती पाठवायचा टाइमआउट ६० सेकंद करा. नेटफ्लो ५ वाल्यांनो, हेडरमध्ये रेटला १४ च बिट आहेत, १६,३८३ च्या वर आकडा बसत नाही.

नवा भिडू: ताई, ग्राफला अधूनमधून उंच सुळके येतायत, मधे सपाट 😟

माटुंग्याची ताई: ॲक्टिव्ह टाइमआउट, म्हणजे चालू फ्लोची नोंद किती वेळाने पाठवायची ते बघ रे. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर डिफॉल्ट ३० मिनिटं असतो. मोठं डाउनलोड अर्धा तास दिसतच नाही, मग सगळे बाइट एकदम पडतात. ६० सेकंद कर. इनॲक्टिव्ह (थांबलेल्या फ्लोचा) १५ सेकंद राहू दे.

रात्रपाळी: बदल केल्यावर तासाभराची फ्लोची बेरीज, गुणाकार करून, काउंटरशी ताडून बघ. दोनेक टक्के कमी येणारच, काउंटर दर पॅकेटमागे इथरनेटचे १८ बाइट धरतो, फ्लो फक्त आयपीचे. दहा टक्के कमी असेल तर एक्सपोर्ट गळतंय, म्हणजे राउटरने पाठवलेल्या नोंदी वाटेत हरवतायत. त्यांचे सीक्वेन्स नंबर (ओळीने येणारे क्रमांक) तुटतायत का बघ, तुटत असतील तर कलेक्टरचा यूडीपी बफर (आलेल्या नोंदी थांबतात ती जागा) वाढव.

वसई फास्ट: रविवारी हार्बरला ब्लॉक आहे का कुणाला माहीत? वाशीला राउटरचं कार्ड बदलायचंय.

डोंबिवलीकर: शनिवारी रात्रीच निघ. आणि त्याआधी इफइंडेक्स पर्सिस्ट (पोर्टांचे नंबर कायम ठेवणारी सेटिंग) चालू आहे ना बघ, नाहीतर रीबूटनंतर पोर्टांचे नंबर बदलतील आणि एकाचा ट्रॅफिक दुसऱ्याच्या नावावर लागेल.

नवा भिडू: सुळके गेले ताई 🙏