बाटलीतला मनीप्लँट आणि इतर लाडावलेली पानं

कोरांटी: काल माळा आवरताना कॉफीची जुनी बाटली सापडली. आत शेवाळाचा हिरवट पट्टा, घासूनही न जाणारा. दादरचं दीड खोलीचं घरच आठवलं. फ्रीजवर ही बाटली, आणि तिच्यातला मनीप्लँट खिळ्यांना दोऱ्याने बांधत बांधत थेट आजोबांच्या फोटोपर्यंत. बाबा दर रविवारी जुन्या बनियनच्या ओल्या तुकड्याने एकेक पान पुसायचे, खालून हाताचा आधार देऊन. आमची तोंडं एवढ्या मायेनं कधी पुसली नाहीत 😀 तुमच्याकडे काय जगलं, काय मेलं? लिहा.

शेवगा: चोरून आणलेला की विकतचा? विकतचा लाभत नाही म्हणतात. आईने बँकेतल्या कुंडीतली फांदी खुडून पर्समधून आणली होती. वेल गॅलरीभर झाला, पासबुक आहे तिथंच.

पोपटी: डिफेनबॅकिया (ते ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) जपून हं. भाचा दोन वर्षांचा असताना पान चावला. ओठ सुजले, लाळ थांबेना, रात्री डॉक्टरकडे पळालो. अळूसारखंच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात त्यात. अळू निदान चिंच घालून शिजवतो आपण.

तिरफळ: अळूवरून आठवलं, फतफतं खाऊन किती दिवस झाले! मुळा घालता का तुम्ही?

पोपटी: घालतो की. शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळपण.

झुळूक: मॉन्स्टेरा, तो चिरा पडलेल्या मोठ्या पानांचा वेल, ४५० ला आणला. दोन वर्षं एका पानाला चीर नाही. नर्सरीवाल्याशी भांडायला गेले तर म्हणतो, "ताई, सोफ्यामागे ठेवलाय ना?" तिथंच होता 🙈 मग पूर्वेच्या खिडकीत नेला, काथ्याचा खांब दिला. काही महिन्यांनी एक सुरळी आली, पोपटी, मेण लावल्यासारखी. चार दिवस हळूहळू उलगडत होती. आत तीन चिरा! त्या दिवशी ऑफिसला लेटमार्क.

दमट: स्नेक प्लँट "मरतच नाही" म्हणून मित्राने दिलं. मी मारून दाखवलं. रोज पाणी. महिन्याभराने पान धरलं तर हातातच आलं, बुडाशी काळं लिबलिबीत, आणि वास... आता बोट दोन पेरं मातीत खुपसून बघतो, कोरडं लागलं तरच पाणी.

शेवगा: दमट 😂 आमच्या सासूबाईंना सांगा. "उन्हाळ्यात त्याला तहान लागत नाही का?" म्हणतात.

स्टुटगार्टकर: इकडे उलटं. हिवाळ्यात हीटरमुळे कॅलाथियाच्या कडा पापडासारख्या होतात. शेवटी बाथरूममध्ये ठेवलाय. पाहुणे आत गेले की लवकर बाहेर येत नाहीत.

उंबर: हवा शुद्ध होते म्हणून आमच्या ह्यांनी ११ कुंड्या आणल्या. अहो, झाडं हवा शुद्ध करतात म्हणणारा नासाचा तो १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला, खिडकी उघडा की! वर पिठ्या ढेकूण (झाडांवरची पांढरी कीड) फुकट आला. कापसाला स्पिरिट लावून एकेक टिपतेय.

तिरफळ: मनीप्लँटला फूल पाहिलंय कुणी?

उंबर: येतच नाही जवळपास. जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्यात पुरेसं बनत नाही, २०१६ मध्ये कळलं ते. पळते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

कोरांटी: शेवगा, आमचाही चोरलेलाच, बाबांच्या ऑफिसच्या जिन्यातला. बाटली धुऊन खिडकीत ठेवलीय, फांदीच नाही.

शेवगा: आमच्याकडून न्या. दुपारी दोन ते चार आम्ही झोपलेलो असतो.